लाइट गेल्यावर सर्व्हरची खोली

वळवाचा पहिला सडाका आला की सांगलीत लाइट गेलीच म्हणून समजा. पतसंस्थेतल्या किंवा हळदीच्या अडतीवरच्या संगणकाला मात्र ते कळतही नाही. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण तेवढाच वेळ कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरतो आणि तेवढ्यात यूपीएस, म्हणजे बॅटरीवरून वीज देणारा डबा, भार उचलतो.

एसी मात्र बहुतेक ठिकाणी यूपीएसवर नसतो, आणि खरी भानगड तिथंच आहे. सर्व्हरने, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या मुख्य संगणकाने, घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. दोन किलोवॅटचे सर्व्हर म्हणजे बंद खोलीत सतत चालू असलेला दोन किलोवॅटचा हीटर. खोली तीन मीटर लांब, रुंद, उंच धरली तर आत सुमारे 32 किलो हवा असते. सगळी उष्णता हवेनेच घेतली तर दर 16 सेकंदांना एक अंश वाढेल, म्हणजे तीन मिनिटांच्या आत 10 अंश! भिंती, कपाटं, लोखंडी रॅक बरीच उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, पण पारा चढतच राहतो.

त्यामुळे ‘बॅटऱ्या वाढवा, चार तास बॅकअप मिळेल’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 अंशांची असावी, अशी शिफारस आहे. त्यापेक्षा फार तापलं की प्रोसेसर आधी मंदावतो, मग यंत्र स्वतःच बंद पडतं. शिवाय बॅटरी त्याच खोलीत असेल तर तीही भाजते. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

यूपीएसचं खरं काम म्हणजे यंत्र नीट बंद करायला वेळ देणं. अनेक यूपीएसना यूएसबी केबल येते. ती जोडून सॉफ्टवेअर बसवलं की ठरलेल्या मिनिटांनी चालू नोंदी पूर्ण होऊन सर्व्हर आपोआप बंद होतो. (बहुतेकांची ती केबल अजून खोक्यातच असते.) जास्तीचे मॉनिटर आणि प्रिंटर आधी बंद केले तर बॅटरीही वाचते, उष्णताही कमी होते. दार उघडून पंखा लावणं पहाटे ठीक. मेच्या दुपारी बाहेरचीच हवा 40 अंशांची! जनरेटर असेल तर एसीही त्यावर हवाच.

लाइट आल्यावर आधी एसी लावावा. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमधल्या वायूचा दाब समतोल व्हायला सुमारे तीन मिनिटं लागतात, म्हणून बरेच एसी लगेच गार हवा देत नाहीत. खोलीचं तापमान उतरेपर्यंत सर्व्हरचं बटण दाबू नये.