लुओच्वान: वाऱ्याने आणलेल्या मातीचा प्रदेश

शिआन ही ज्याची राजधानी आहे, त्या चीनमधील शान्शी प्रांतात शिआनच्या उत्तरेला रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर गेल्यावर लुओच्वान काउंटी लागते. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्या तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीचे हे पठार वरून जवळजवळ सपाट आहे. मात्र त्याच्या कडा खोल घळींनी कुरतडलेल्या आहेत. वार्षिक सरासरी तापमान ९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत येतो. हिवाळा कोरडा आणि कडक असतो.

या पठाराची माती तेथील खडक झिजून तयार झालेली नाही. वायव्येकडील वाळवंटी आणि निमवाळवंटी प्रदेशांतील बारीक धूळ हिवाळी मोसमी वाऱ्यांनी लाखो वर्षे वाहून आणली आणि येथे साचवली. अशा पिवळसर, भुसभुशीत मातीला लोएस म्हणतात. लुओच्वानच्या हेइमुगोऊ नावाच्या घळीत तिची जाडी १३० मीटरहून अधिक आहे आणि सर्वांत खालचा थर सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीचा आहे.

घळीची उभी भिंत पाहिली, तर फिकट पिवळ्या थरांमध्ये तांबूस पट्टे आलटून पालटून दिसतात. हिमयुगात सैबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे प्रबळ असत, धूळ झपाट्याने साचे आणि तिच्यात फारसा रासायनिक बदल होत नसे. हे झाले पिवळे थर. हिमयुगांच्या मधल्या उबदार काळात उन्हाळी मोसमी वारे अधिक आतपर्यंत पाऊस आणत, गवत आणि झुडपे वाढत, धूळ येण्याचा वेग मंदावे आणि साचलेल्या धुळीचे सुपीक मृदेत रूपांतर होई. हे तांबूस पट्टे म्हणजे त्या काळच्या, पुढे नव्या धुळीखाली गाडल्या गेलेल्या मृदा. येथे असे तीसहून अधिक पट्टे मोजता येतात. सुमारे पाच ते सहा लाख वर्षांपूर्वीचे तीन लालसर थर तर एकमेकांना इतके चिकटून आहेत की, नवख्या माणसालाही ते दुरून ओळखता यावेत.

या थरांचे वय ठरवण्याचे काम चुंबकत्वाने सोपे केले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा अधूनमधून उलटते आणि धुळीतील लोहयुक्त कण त्या त्या काळची दिशा टिपून ठेवतात. असा शेवटचा मोठा पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाला, आणि त्याची खूण लुओच्वानच्या मातीतही सापडते. चिनी भूवैज्ञानिक लिउ तुंगशेंग आणि स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे फ्रिडरिख हेलर यांनी १९८२ मध्ये या पद्धतीने येथील थरांची कालगणना प्रसिद्ध केली. पुढे असेही दिसून आले की, उबदार व दमट काळात मृदा तयार होताना अतिसूक्ष्म चुंबकीय खनिजे निर्माण होतात, त्यामुळे तांबूस थर पिवळ्या थरांपेक्षा अधिक चुंबकशील असतात. या चढउतारांचा आलेख समुद्रतळाच्या गाळातून मिळालेल्या हिमयुगांच्या नोंदींशी मोठ्या प्रमाणात जुळला. जमिनीवर हवामानाची इतकी दीर्घ आणि सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि माझ्या मते लुओच्वानचे खरे मोठेपण यातच आहे. लिउ यांना २००२ मध्ये पर्यावरणविज्ञानाचे टायलर पारितोषिक मिळाले.

हीच सच्छिद्र माती कोरडी असताना उभ्या कड्यासारखी टिकते, म्हणून लोकांनी तिच्यात गुहाघरे कोरली. ती हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात थंड राहतात. पण भिजली किंवा हादरली की ती कोसळते. १५५६ मध्ये याच प्रांताच्या दक्षिण भागात झालेल्या भूकंपात सुमारे ८ लाख ३० हजार माणसे मेल्याची नोंद आहे, आणि अशा घरांचे कोसळणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

आधुनिक इतिहासात लुओच्वानचे नाव येते ते ऑगस्ट १९३७ मधील बैठकीमुळे. जपानविरुद्धचे युद्ध नुकतेच पेटले असताना चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्यांनी येथील फंग गावात प्रतिकाराचा दहा कलमी कार्यक्रम मंजूर केला. लुओच्वान आजही ज्याच्या प्रशासनाखाली येते, ते येनान म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासह जेथे पोहोचले तेच येनान.

आज येथील अर्थव्यवस्था सफरचंदांवर उभी आहे. १९४७ मध्ये शेजारच्या हनान प्रांतातील लिंगबाओ येथून रोपे आणून येथे लागवड सुरू झाली, आणि आता बागांचे क्षेत्र तीस हजार हेक्टरांहून अधिक आहे. खोल माती, भरपूर ऊन आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठा फरक यांमुळे फळात साखर आणि रंग चांगला भरतो. एप्रिलमध्ये फुलोऱ्याच्या वेळी पडणारे हिमतुषार मात्र हंगाम बुडवू शकतात.

त्याहून गंभीर प्रश्न जमिनीखाली आहे. भूजल फार खोल असल्याने झाडे मातीत मुरलेल्या पावसाच्या पाण्यावरच जगतात. लोएस पठारावरील जुन्या बागांखाली मुळांनी कित्येक मीटर खोलीपर्यंतचा ओलावा शोषून घेतल्याचे आढळले आहे, आणि एवढ्याशा पावसावर तो भरून यायला अनेक वर्षे लागतात. शिवाय प्रत्येक मोठ्या पावसात घळींची टोके पठाराच्या आत सरकत असल्याने, त्यांच्या कडांवर झाडे लावणे, बांध घालणे आणि वरचे पाणी नियंत्रित वाटेने खाली उतरवणे ही कामे तेथे सुरू आहेत.