फिरत्या पात्यांच्या आसपास

रिमोटने उडवायच्या ७०० साइजच्या (म्हणजे सुमारे ७०० मिलिमीटर लांब पात्यांच्या) मॉडेल हेलिकॉप्टरचे वजन जेमतेम पाच किलो असते आणि ते एका हाताने उचलून मैदानावर नेता येते, त्यामुळे बघ्यांना ते खेळणेच वाटते. मात्र त्याची पाती सुमारे १.६ मीटर व्यासाच्या वर्तुळात मिनिटाला २,००० फेरे घेत असतील, तर त्यांची टोके ताशी जवळजवळ ६०० किलोमीटर वेगाने धावत असतात. कार्बन फायबरचे एक पाते २०० ग्रॅमचे धरले, तर त्याला मुळाशी धरून ठेवणाऱ्या एकुलत्या एका बोल्टवर साडेतीनशे किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. दोन्ही पात्यांत मिळून साठलेली ऊर्जा ढोबळ हिशेबाने १,८०० ज्यूल भरते, म्हणजे पाच किलोची वस्तू बाराव्या मजल्यावरून पडावी तेवढी. म्हणूनच केसाएवढी चीर गेलेले किंवा आपटलेले पाते चिकटवून पुन्हा वापरू नये, ते सरळ मोडीत काढावे.

सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या कॅल्व्हर्ट वॉक्स पार्कमध्ये एक १९ वर्षांचा तरुण स्वतःचेच हेलिकॉप्टर उडवताना पात्यांचा घाव डोक्याला बसून मरण पावला. तो नवशिका नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सराव वाढतो तसे यंत्र आणि माणूस यांच्यातले अंतर नकळत कमी होत जाते. पाती सुरू करण्यापूर्वीच निदान दहा मीटर मागे सरावे, आणि प्रेक्षकांना वैमानिकाच्याही बरेच मागे उभे करावे.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शिकाऊ माणसाच्या पथ्यावर पडते. २,००० ऐवजी १,५०० फेरे ठेवले, तर वेग चतुर्थांशाने घटतो, पण पात्यांतली ऊर्जा जवळपास निम्म्यावर येते.

बोटे कापली जाण्याचा धोका घरातल्या टेबलावरही तेवढाच असतो. सेटिंग करताना बॅटरी जोडावीच लागते, आणि तेवढ्यात थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या, दांडीला धक्का लागला की मोटर फिरू लागते. अशा वेळी मोटरच्या तीन वायरी आधी सोडवाव्यात आणि पातीही काढून ठेवावीत. याच अवस्थेत ट्रान्समीटर (हातातला रिमोट) मुद्दाम बंद करून पाहावा: सिग्नल तुटताच फेलसेफने, म्हणजे अशा वेळेसाठीच्या सुरक्षा सेटिंगने, मोटरला जाणारी आज्ञा शून्यावर आणली पाहिजे.

मैदानावर आधी ट्रान्समीटर सुरू करावा, थ्रॉटल होल्डचा (मोटर बंद ठेवणारा) स्विच लावावा, पडद्यावर याच मॉडेलचे नाव आहे ना ते वाचावे आणि मगच बॅटरी जोडावी. एका ट्रान्समीटरमध्ये अनेक मॉडेलांची सेटिंग साठवलेली असते; चुकीचे निवडले गेले, तर दांडी एकीकडे आणि यंत्र भलतीकडे अशी गत होऊ शकते.

उतरल्यावर थ्रॉटल होल्ड लावला की मोटर थांबते, पण पाती थांबत नाहीत. हवेत मोटर बंद पडली तरी सुखरूप उतरता यावे म्हणून मुख्य गिअरमध्ये एकाच दिशेने पकडणारे बेअरिंग बसवलेले असते, त्यामुळे पाती स्वतःच्या जोरावर बराच वेळ फिरत राहतात. शेपटीचा पंखा त्यांच्या चार-साडेचार पट वेगाने फिरतो आणि फिरताना डोळ्यांना दिसतही नाही. दोन्ही पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून हलू नये. त्यानंतर जवळ जाऊन एका हाताने रोटरचा माथा (पाती जिथे जोडलेली असतात तो भाग) धरावा, दुसऱ्याने बॅटरी काढावी, आणि ट्रान्समीटर सर्वांत शेवटी बंद करावा.