अनधिकृत इमारतींच्या सावलीत : ठाणे-नवी मुंबईतील दुटप्पी राजकारणाची पार्श्वभूमी

४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी ठाणे महापालिकेच्या हद्दीतील शिळ-डायघर परिसरात, लकी कंपाउंड या वस्तीतील सात मजली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये मजूर होते, त्यांच्या बायका होत्या आणि बरीच लहान मुले होती. अवघ्या काही महिन्यांत उभ्या राहिलेल्या या इमारतीला कोणतीही परवानगी नव्हती. खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आली होती आणि वर आठव्या मजल्याचे काम चालूच होते. पुढे बिल्डरांबरोबर महापालिकेचा एक उपायुक्त, पोलीस अधिकारी आणि एक नगरसेवक यांनाही अटक झाली. या घटनेनंतर सर्व पक्षांच्या नेत्यांनी शोक व्यक्त केला, दोषींना कठोर शासन करण्याची मागणी केली आणि महापालिकेने अनधिकृत व धोकादायक इमारतींवर कारवाई सुरू करताच, अवघ्या दोन आठवड्यांत, १८ एप्रिलला, त्यांतल्याच प्रमुख पक्षांनी त्याच कारवाईच्या विरोधात ठाणे बंद पुकारला. विधिमंडळात आणि महापालिकेत एकमेकांविरुद्ध उभे राहणारे शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस हे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते. रिक्षा बंद, टीएमटीच्या (ठाणे महापालिका परिवहनच्या) बस बंद, दुकाने बंद. स्टेशनवर उतरलेले चाकरमानी पायी घराकडे निघाले.

राहत्या माणसांना पर्यायी घर दिल्याशिवाय बेघर करू नका, ही बंदमागची मागणी चुकीची नव्हती आणि ती आजही चुकीची नाही. प्रश्न वेगळा आहे. ती इमारत उभी राहत असताना, तिचा पहिला स्लॅब पडत असताना, यांपैकी एकाही पक्षाने बंद पुकारला नव्हता. ठाणे आणि नवी मुंबईच्या राजकारणातील दुटप्पीपणा समजून घ्यायचा असेल तर त्या दोन आठवड्यांच्या बरेच मागे जावे लागते.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक व अभियांत्रिकी कारखान्यांची रांग लागली. कारखान्यांसाठी जमीन राखली गेली, रस्ते झाले, पाणी आले. मात्र त्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाने राहायचे कुठे, याचे उत्तर नियोजनाच्या कागदावर नव्हते. ते उत्तर किसननगर, लोकमान्यनगर, कळवा, मुंब्रा, दिघा अशा वस्त्यांनी आपापल्या परीने दिले. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यामुळे शहरांतील मोकळी जमीन बाजारात येणे आणखी अवघड झाले आणि महाराष्ट्रात तो कायदा २००७ मध्ये रद्द होईपर्यंत अधिकृत घराची किंमत सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर गेलेली होती.

नवी मुंबईची कहाणी थोडी निराळी आहे. १९७० मध्ये सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या संघर्षातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ती राबवण्यास वर्षानुवर्षे लागली, गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही, कुटुंबे वाढली आणि मुलांसाठी बापाने आपल्याच जुन्या जमिनीवर घर बांधले. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग तिथून आला आणि तो खरा होता. नंतर मात्र त्याच शब्दाच्या आडोशाने चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, ज्यांत भूमिपुत्राचे घर एखादेच आणि विकलेल्या सदनिका अनेक. पाच माणसांच्या रक्ताने कमावलेला शब्द असा बांधकाम धंद्याच्या कामी लावला गेला, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

अशी इमारत उभी कशी राहते, हे ठाण्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. हिरवी जाळी लागते, स्लॅब रात्री किंवा सलग सुट्ट्यांमध्ये पडतो. तक्रार झाली तर ‘२६०ची नोटीस’ निघते, म्हणजे महापालिका अधिनियमाच्या कलम २६० खालील नोटीस. ती भिंतीवर चिकटवली जाते. आणखी तक्रारी झाल्या तर पथक येते, दोन स्लॅबना हातोड्याने भोके पाडते, छायाचित्रे काढते आणि परत जाते. भोकांतून लोखंडी सळ्या लोंबकळताना दिसतात. महिन्याभराने खालून प्लायवूडची फळी लावून तीच भोके सिमेंटने बुजवलेली असतात आणि त्या खोलीत कोणाचा तरी संसार लागलेला असतो. घर घेणाऱ्याला नोंदणीकृत करारनामा मिळत नाही, नोटरी केलेला कागद मिळतो. पाण्याची जोडणी मिळते, वीज येते, मतदार यादीत नाव चढते. घरपट्टीही लागते आणि कलम २६७-अ नुसार शास्ती, म्हणजे दंडही लागतो. हा कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, असे तेच कलम स्पष्ट सांगते. पण घर घेणाऱ्याला त्या पावतीवर स्वतःचे नाव दिसते आणि तो निर्धास्त होतो. या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर प्रभागातील लोकप्रतिनिधीच्या शिफारशीला वजन असते. मग निवडणुकीत तोच लोकप्रतिनिधी ‘तुमच्या घराला हात लावू देणार नाही’ असे सांगतो आणि ज्याने घर असुरक्षित केले त्याच्याकडेच रहिवाशाला संरक्षण मागावे लागते.

महापालिकेतील पैशांच्या व्यवहाराचा इतिहासही याच्याशी जोडलेला आहे. ठाणे महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. १९९०च्या दशकात शिवसेनेचे तत्कालीन जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी महापालिकेच्या कामांत ४१ टक्के वाटा खाल्ला जातो, असा जाहीर आरोप केला. त्यानंतर चौकशीसाठी नंदलाल समिती नेमली गेली. समितीचे नाव आणि तो आकडा शहराच्या बोलण्यात राहिला, टक्केवारी हा शब्द रुळला, पण ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले त्यांच्यापैकी अनेकांच्या राजकीय वाटचालीत खंड पडला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये ठाण्यातील एका बांधकाम व्यावसायिकाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीच्या आधारे छळाचा गुन्हा दाखल होऊन चार नगरसेवकांना अटक झाली. ते एका पक्षाचे नव्हते. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे सदस्य सभागृहाबाहेर एकत्र असतात, ही लोकांची जुनी शंका त्या प्रकरणाने पुन्हा वर आणली.

नवी मुंबईत तर ती एकजूट मतदानातूनच दिसली. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अनधिकृत बांधकामांवर आणि फेरीवाल्यांवर कारवाई सुरू केली, ठेकेदारांची देयके तपासायला घेतली आणि ‘वॉक विथ कमिशनर’ या उपक्रमातून नागरिकांना थेट भेटू लागले. सहाच महिन्यांत, २५ ऑक्टोबर २०१६ रोजी, १११ सदस्यांच्या सभागृहाने त्यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. राष्ट्रवादी काँग्रेस, शिवसेना आणि काँग्रेस एकत्र आले. विरोधात मते पडली ती भाजपच्या सहा सदस्यांची. आयुक्त लोकप्रतिनिधींना मान देत नाहीत, मनमानी करतात, ही ठरावामागची तक्रार होती आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीत कठोरपणा होता हे मान्य करायला हवे. तरीही ज्या पक्षांचे एका रस्त्याच्या नावावरही एकमत होत नाही, ते एका अधिकाऱ्याला हटवण्यासाठी १०४ मते जमवतात, ही गोष्ट नागरिकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. राज्य सरकारने त्या वेळी ठरावाची अंमलबजावणी केली नाही. मार्च २०१७ मध्ये मात्र, वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांची बदली झाली. ठरावाला विरोध करणाऱ्या पक्षाच्याच नेतृत्वाखाली तेव्हा राज्यात सरकार होते.

याच सुमारास नवी मुंबईतील दिघ्याचे प्रकरण गाजत होते. औद्योगिक महामंडळ आणि सिडकोच्या जमिनींवरील ९९ अनधिकृत इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिले होते. सरकारने बांधकामे नियमित करण्याचे धोरण न्यायालयापुढे ठेवले, ते न्यायालयाने नाकारले, तेव्हा २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे अटींवर नियमित करण्याची वाट काढण्यात आली. ही वाट नवी नव्हती. ठाणे जिल्ह्यातीलच उल्हासनगरमध्ये ८५५ इमारती पाडण्याचा आदेश आला, तेव्हा २००६ मध्ये त्या एका शहरासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. प्रत्येक वेळी ‘यापुढे एकही अनधिकृत बांधकाम सहन केले जाणार नाही’ असे सांगितले गेले आणि प्रत्येक तारखेनंतर पुढच्या तारखेची वाट पाहत नवे स्लॅब पडले.

नेत्यांच्या स्वतःच्या दाराशी कायदा आला तेव्हा काय झाले, याचीही उदाहरणे नोंदीत आहेत. नवी मुंबईतील पावणे येथील औद्योगिक महामंडळाच्या जमिनीवर उभे राहिलेले बावखळेश्वर मंदिर एका वजनदार नेत्याशी निगडित ट्रस्टचे होते. ते हटवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा चालला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ते पाडले गेले. ठाण्याच्या वर्तकनगर भागातील विहंग गार्डन हा आमदार प्रताप सरनाईक यांच्याशी संबंधित प्रकल्प. त्यातील अनधिकृत मजल्यांबद्दल महापालिकेने आकारलेला ३ कोटी ३३ लाख रुपयांचा दंड आणि त्यावरील व्याज राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये माफ केले. मंत्रिमंडळाला तो अधिकार असेल. पण ठाण्यातील दिवा भागातल्या चाळीत राहणाऱ्या माणसाची शास्ती माफ व्हायला मंत्रिमंडळाची बैठक बसत नाही, हे त्या माणसाला कळते.

कायद्यात उणीव आहे असेही म्हणता येत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम १० मधील पोटकलम (१ड) नुसार, स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केले असेल तर नगरसेवकाचे पद जाते. एवढेच नव्हे, तर अशा बांधकामाला पदाच्या जोरावर मदत केली किंवा ते पाडणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी अथवा प्रत्यक्ष अडथळा आणला तरी अपात्रता येते. हे वाक्य कायद्यात लिहिणाऱ्यांना वस्त्यांमध्ये काय चालते ते पुरते ठाऊक होते. हे पोटकलम ज्यांना लागू होते त्यांची संख्या पाहता ते फारच थोड्यांविरुद्ध वापरले गेले, कारण तक्रार करणारा विरोधी नगरसेवक स्वतःही बहुधा त्याच अडचणीत असतो.

या सगळ्यावरचा उतारा म्हणून ठाण्यात वर्षानुवर्षे समूह विकासाचे, म्हणजे अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास करण्याच्या ‘क्लस्टर’ योजनेचे, आश्वासन दिले गेले. २०१३च्या बंदमागेही हीच मागणी होती. किसननगरच्या क्लस्टरचे भूमिपूजन फेब्रुवारी २०२० मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना झाले आणि जून २०२३ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना ठाण्याच्या क्लस्टरचा शुभारंभ पुन्हा झाला. मधल्या काळात, मार्च २०२२ पासून, ठाणे महापालिकेवर प्रशासक होता. नवी मुंबईत तो मे २०२० पासूनच होता. नगरसेवक पदावर नसतानाही शिळ भागात नव्या इमारती उभ्या राहिल्या.

जून २०२५ मध्ये आपल्या जमिनीवर अतिक्रमण झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका ज्येष्ठ महिलेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने शिळ येथील अनधिकृत इमारती पाडण्याचे आदेश दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पाडकाम ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाले. सामान बाहेर काढणाऱ्या कुटुंबांच्या हातात तीच कागदपत्रे होती जी २०१३ साली होती : नोटरीचा करार आणि घरपट्टीची पावती.