आल्बासेतेची नावाखा आणि तिच्या खटक्याचा इतिहास

स्पेनमधल्या पारंपरिक घडीच्या चाकूला नावाखा म्हणतात. शब्द लॅटिनमधल्या 'नोवाकुला'वरून, म्हणजे वस्तऱ्यावरून आला. दाढीच्या वस्तऱ्याला स्पॅनिशमध्ये अजूनही 'दाढीची नावाखा' असंच म्हणतात. घडीचे चाकू रोमन काळातही होते, त्यामुळे पातं मुठीत दुमडतं यात नवल काही नाही. नावाखाचं वेगळेपण आहे ते तिच्या खटक्यात. आपल्याकडे 'खटक्याचा चाकू' म्हटलं की बटण दाबताच उडणारं पातं डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. पातं हातानेच उघडायचं असतं, खटका फक्त ते उघडं धरून ठेवतो. कारागिराची परीक्षा या खटक्यात होते आणि गेली अडीचशे वर्षं कायद्याची नजरही त्याच्यावरच आहे.

त्याची रचना आधी समजून घेऊ. मुठीच्या पाठीवर पोलादाची एक लांब कमान बसवलेली असते. तिचं एक टोक मुठीला खिळ्याने पक्कं केलेलं असतं. दुसरं टोक मोकळं असतं आणि ते पात्याच्या बुडाशी, पातं ज्याच्यावर फिरतं त्या खिळ्याच्या वर टेकतं. या मोकळ्या टोकाला एक खिडकी, म्हणजे आरपार भोक असतं. पात्याच्या बुडावर दात कोरलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की दात खिडकीत घुसतो आणि पातं अडकतं. बंद करायचं तर कमानीच्या टोकाला लावलेली कडी ओढायची. कमान वर उचलली जाते, दात सुटतो आणि पातं मागे वळतं. एकाऐवजी ओळीने अनेक दात कोरले, तर उघडताना प्रत्येक दात खिडकीतून जातो आणि 'कर्र कर्र' असा आवाज येतो. या रचनेला 'कार्राका' म्हणतात. जुन्या नावाखांपैकी एकीचं लोकप्रिय नाव 'सात कमानींची नावाखा' असं आहे. कमान मात्र तिच्यात एकच असते, सात असतात ते दात. दुसरा जुना प्रकार 'विरोला'. त्यात मुठीच्या तोंडाशी धातूचं वळं असतं आणि ते फिरवलं की पातं अडतं.

हा तपशील आधी सांगायचं कारण म्हणजे तिसऱ्या कार्लोस राजाचा २६ एप्रिल १७६१ चा हुकूम. आखूड शस्त्रांवर बंदी घालताना त्यात कट्यारी आणि टोकदार सुऱ्यांबरोबर 'खटक्याची किंवा विरोलाची, कमानीची नावाखा' असा स्पष्ट उल्लेख आहे. टोकदार सुरीच्या बाबतीत तर ती स्वयंपाकघरातली असली तरी चालणार नाही, असंही बजावलं आहे. म्हणजे शेतकऱ्याचा साधा, सैल घडीचा चाकू एकीकडे आणि उघडल्यावर पक्का अडकणारा चाकू दुसरीकडे, असा भेद राजाच्या लेखनिकांनी नेमका केला होता. भोसकताना सैल चाकू मिटून बोटांवर येतो, अडकणारा येत नाही. अशा बंदीच्या आज्ञा त्याआधीच्या राजांनीही काढल्या होत्या. पुन्हा पुन्हा काढाव्या लागल्या, यातच त्या किती पाळल्या गेल्या ते कळतं. तलवार बाळगणं हा उमरावांचा मान होता. खेचरवाले, धनगर, खलाशी आणि शहरातले कारागीर यांच्या कमरपट्ट्यात मात्र घडीची नावाखा असायची. भाकरी, चीज आणि तंबाखू कापायला तीच आणि प्रसंग पडलाच तर भांडणालाही तीच.

नावाखा म्हटलं की आल्बासेते हे नाव येतंच. ला मांचाच्या सपाट पठारावरचं हे शहर. आसपास खाणी नाहीत, लोखंड बाहेरून यायचं. तरी धंदा इथे रुजला, कारण माद्रिदकडून आलिकांते, मुर्सिया आणि कार्ताहेनाकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. शिवाय इथे जत्रा भरते. ७ ते १७ सप्टेंबर अशी भरणारी आल्बासेतेची 'फेरिया' पाचव्या फेलिपे राजाने १७१० मध्ये मान्य केली आणि १७८३ मध्ये तिच्यासाठी कायमचं आवार बांधलं गेलं. गुरं घेऊन आलेला माणूस परतताना चाकू घेऊन जाणार, हे ठरलेलंच. त्याआधी या गावची ख्याती होती ती कात्र्यांची, विशेषतः लेखनिकांच्या लांब, कोरीव कात्र्यांची. कातकाम, कोरीव काम आणि कमानीचं पोलाद हाताळण्याचं कसब तिथूनच आलं. याच प्रांतात रियोपारला १७७३ च्या राजाज्ञेने पितळेचा कारखाना उभा राहिला, त्यामुळे पितळही जवळच तयार होऊ लागलं. जुन्या आल्बासेती नावाखांच्या मुठीवर पितळेची नक्षीदार पट्टी आणि तिच्याखाली शिंग किंवा हाड दिसतं. पात्यावर आम्लाने कोरलेल्या रेघांमध्ये लाल-काळी लाख भरलेली असते.

त्याच पात्यांवर म्हणीही कोरत. सगळ्यात गाजलेली अशी : 'ही नागीण डसली, तर औषधाच्या दुकानात उतारा नाही.' मुळात ती दोन ओळींची यमकातली म्हण आहे आणि पात्याच्या दोन बाजूंवर एकेक ओळ बसते. दुसरी म्हण जास्त गंभीर : 'कारणाशिवाय मला बाहेर काढू नकोस, मान राखल्याशिवाय परत ठेवू नकोस.'

१८५५ मध्ये माद्रिदहून रेल्वे आल्बासेतेला पोचली आणि १८५८ मध्ये ती आलिकांतेपर्यंत गेली. मग फलाटावर एक नवा माणूस दिसू लागला. कमरेच्या रुंद पट्ट्यात ओळीने नावाखा खोचलेला, गाडी थांबली की खिडकीखिडकीशी जाणारा फेरीवाला. शहरात आज त्याचा पुतळा आहे. उत्तरेकडचे प्रवासी त्याच्याकडून नावाखा घेत आणि घरी जाऊन स्पेनविषयी लिहीत. त्यातून चाकूबाज स्पॅनिश माणसाचं रोमांचक चित्र युरोपभर पसरलं. चित्र अतिरंजित होतं, पण पूर्ण खोटं नव्हतं. जुगाराच्या अड्ड्यावर जिंकणाऱ्याकडून चाकूच्या धाकाने हिस्सा उकळणारे 'बारातेरो' खरोखर होते. १८४९ मध्ये माद्रिदला नावाखाच्या पवित्र्यांची एक पुस्तिकाही छापली गेली. स्त्रिया वस्त्रात लपवत ती छोटी नावाखाही खरीच. मागणी इतकी वाढली की फ्रान्समधलं तिएर शहर स्पॅनिश घाटाच्या नावाखा बनवून स्पेनलाच विकू लागलं. जुन्या बाजारात 'प्राचीन स्पॅनिश' म्हणून मिळणाऱ्या अनेक नावाखा मुळात तिएरच्या असतात. म्हणून पात्याच्या बुडावरचा शिक्का पाहिल्याशिवाय जुन्या वस्तूचे पैसे देऊ नयेत.

स्पेनमधला आजचा नियम २९ जानेवारी १९९३ च्या राजाज्ञेतला, क्रमांक १३७. त्यानुसार आपोआप उघडणारी नावाखा पूर्ण बंद. हाताने उघडणाऱ्या नावाखाचं पातं मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत ११ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल, तर तीही निषिद्ध. मात्र घरातच शोभेसाठी किंवा संग्रहासाठी ठेवायला सवलत आहे. त्यामुळे आज कारागिराच्या टेबलावर दोन जाती दिसतात : खिशात जाणारी, ११ सेंटिमीटरच्या आतली, आणि भिंतीवर लावायची, हातभर लांबीची. दुसरी दिसायला भारी असली तरी खरं कसब पहिलीत जास्त लागतं, कारण छोट्या बुडावर दात कोरायला जागा कमी मिळते.

आल्बासेते हे एकमेव केंद्र नाही. सिउदाद रेआल प्रांतातलं सांता क्रूस दे मुदेला हेही जुनं नावाखांचं गाव. उत्तरेला आस्तुरियास प्रांतातल्या तारामुंदीची परंपरा अगदी निराळी. तिथे पाण्यावर चालणाऱ्या हातोड्यांखाली लोखंड घडवलं जायचं. चाकूला बॉक्सवुडची फिकट पिवळी मूठ, तिच्यावर रंगीत भौमितिक नक्षी आणि तोंडाशी धातूचं वळं. कार्राकाचा आवाज नाही, बडेजाव नाही. रोज हाताशी ठेवायला मला तीच जास्त आवडते.

आता घडणीकडे वळू. पाती बहुधा पोलादाच्या पट्टीतून कापतात. तापवून, ठोकून घडवणारे थोडे आहेत आणि ते तसं सांगून त्याची वेगळी किंमत लावतात. पट्टी मऊ असतानाच खिळ्याचं भोक पाडतात आणि बुडाचे दात कानशीने कोरतात, कारण पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून आणि विझवून पोलाद कडक केल्यावर, कानस चालत नाही. जुन्या पद्धतीच्या पात्याला स्पेनमध्ये एफ-५२२ नावाचं कार्बन पोलाद वापरतात. ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवायचं, मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. कमानीचं पाणी वेगळं. ती साधारण ३०० अंशांपर्यंत तापवून निळसर होऊ द्यावी लागते. कमान पात्याइतकी कडक राहिली तर काही महिन्यांत तडकते आणि जास्त मऊ पडली तर दाब सोडते.

चुकतं ते बहुतेक दातांत. दात उथळ असेल तर जोर पडल्यावर खिडकीतून निसटतो आणि पातं बोटांवर मिटतं. दात फार उंच असेल तर प्रत्येक वेळी कमान गरजेपेक्षा जास्त उचलली जाते आणि लवकर थकते. दाताच्या बाजूची कड सरळ हवी. गोलसर राहिली तर नवा चाकू पक्का वाटतो, पण वापरात ती झिजते आणि पातं वरखाली हलायला लागतं. खिळा जास्त ठोकला तर पातं अडखळतं, कमी ठोकला तर डावीकडे-उजवीकडे डुलतं. आणखी एक दोष फक्त धारेकडे पाहून कळतो. पातं बंद होताना आत जास्त खोल गेलं तर धार मुठीतल्या कमानीवर आपटते आणि एका ठिकाणी बोथट होते. नव्या चाकूच्या धारेवर नख अलगद फिरवावं. मध्येच एकच बोथट ठिपका लागला तर समजावं की बुडाची उंची चुकली आहे. कितीही धार लावली तरी ती पुन्हा जाणार.

पोलादाच्या नावाने गोंधळून जायचं कारण नाही. दुकानातल्या स्वस्त नावाखांवर 'मोव्हा' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचं स्टेनलेस. गंजत नाही, धार पटकन लागते, पटकन जाते. कारागीर बहुधा ऑस्ट्रियाचं एन६९० वापरतात. त्याची कठीणता रॉकवेल मापावर साधारण ५८ ते ६० येते आणि धार बराच काळ टिकते. कार्बन पोलादाला सुंदर धार येते, पण लिंबू किंवा कांदा कापून तसंच ठेवलं की तासाभरात डाग पडतो. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ते चामड्याच्या म्यानात ठेवलं तर गंज ठरलेला, कारण चामडं ओल धरतं. चाकू एकीकडे आणि म्यान दुसरीकडे ठेवावं.

मुठीला बैलाचं शिंग, ऑलिव्हचं लाकूड, बॉक्सवुड किंवा हरणाचं शिंग वापरतात. बैलाच्या शिंगाला झिलई छान येते, पण ते हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. कोरड्या ला मांचात बसवलेली पट्टी दमट हवेत पितळेपासून सुटू शकते. घेताना मूठ उजेडासमोर धरून शिंग आणि पितळ यांच्यात फट आहे का, ते बघावं. भारतात आणायची असेल तर हरणाचं शिंग टाळणंच बरं, कारण प्राणी कोणता हे कस्टममध्ये सिद्ध करत बसावं लागू शकतं. ऑलिव्ह लाकडाची मूठ निर्धोक.

कारागिराकडून घेताना आधी कास्तिया-ला मांचा प्रादेशिक सरकारने दिलेलं कारागीर-पत्र आहे का ते विचारावं. वरच्या पातळीला 'माएस्त्रो आर्तेसानो' ही पदवी असते. आल्बासेतेच्या उत्पादकांनी 'एबी' हे सामायिक चिन्हही चालवलं आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकन देण्याचा नियम केला, त्यामुळे 'आल्बासेते' हे नाव कोणीही वापरणं पुढे कठीण होईल. पैठणीच्या नावाने यंत्रावरचं कापड विकलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याची गरज वेगळी सांगायला नको. मागणी नोंदवताना पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये, पोलादाचं नेमकं नाव, दातांची संख्या, मुठीचं साहित्य आणि वापरणारा डावखुरा असल्यास तसं, एवढं लेखी कळवावं. पात्याला पाणी कोण देतं, हाही प्रश्न विचारावा. ते बाहेरून करून घेणं वाईट नाही, पण कारागिराला उत्तर माहीत हवं.

आपल्याकडच्या शस्त्र नियमांत पात्याची मर्यादा ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदी अशी आहे आणि खिशातली नावाखा तिच्या बरीच आत बसते. तरी ती घेऊन रस्त्यावर हिंडण्याचं कारण नाही. विमानात ती फक्त चेक-इन सामानात टाकावी. ब्रिटनमधल्या मराठी वाचकांनी जास्त जपावं. तिथे विनाकारण जवळ बाळगता येतो तो फक्त ३ इंचांपर्यंत धारेचा, उघडल्यावर न अडकणारा घडीचा चाकू. कमानीत अडकणारी नावाखा कितीही छोटी असली तरी या सवलतीत बसत नाही. १७६१ च्या हुकमाने ज्या खटक्यावर बोट ठेवलं, त्याच्यावरच हा कायदाही बोट ठेवतो.

स्पेनमध्ये नावाखा भेट मिळाली तर देणाऱ्याला एक नाणं द्यायची रीत आहे, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते आणि मैत्री तुटत नाही. घरी आणल्यावर दातांमध्ये आणि खिळ्याशी तेलाचा एकेक थेंब सोडावा, शिलाई मशीनचं तेल चालतं. खाण्याचे पदार्थ कापायचे असतील तर पात्यापुरतं खाण्याचं तेल लावावं. कार्राका बंद करताना कडी पूर्ण ओढून धरायची आणि पातं शेवटपर्यंत बोटांनी आत न्यायचं. कडी अर्धवट ओढून पातं ढकललं की दातांच्या कडा खिडकीवर घासल्या जातात, आणि झिजलेला दात पुन्हा भरता येत नाही, पातंच बदलावं लागतं.