परदेशात एक सेमिस्टर: व्हिसाच्या आधी क्रेडिटचं बघा

एक्स्चेंजला जायचंय असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, व्हिसा मिळेल ना? व्हिसाची धास्ती सगळ्यांनाच असते, पण गाडी बऱ्याचदा अडते ती भलतीकडेच. परत आल्यावर आपलंच कॉलेज म्हणतं हे विषय आमच्या सिलॅबसला मॅच होत नाहीत, आणि चार-पाच महिने तिकडे अभ्यास करून, परीक्षा देऊन आलेल्या माणसाला तेच विषय घरी पुन्हा काढावे लागतात. माझे सहा क्रेडिट (विषय पास केल्यावर डिग्रीच्या हिशोबात जमा होणारे पॉइंट) असेच गेले, ते पुढे सांगतेच.

आधी एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण यातच निम्म्या लोकांचा घोळ असतो. दोन युनिव्हर्सिटींमध्ये करार असतो, तुमचे दोन आमच्याकडे आणि आमचे दोन तुमच्याकडे, असा साधा हिशोब. फी आपण आपल्याच युनिव्हर्सिटीत भरायची, तिकडची ट्यूशन फी माफ, आणि डिग्रीही आपलीच, तिकडून मिळते ती फक्त ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेडचा अधिकृत कागद. राहणं, तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स हे मात्र स्वतःच्या खिशातून. काही देशांत ट्यूशन माफ असूनही थोडी वर्गणी भरावी लागते, जर्मनीत तिला झेमेस्टरबायट्राग म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच लोकल प्रवासाचा पास येतो, त्यामुळे त्यावरून कुरकुर करू नका. करार नसलेल्या युनिव्हर्सिटीतही जाता येतं, त्याला फ्री मूव्हर किंवा व्हिजिटिंग स्टुडंट म्हणतात, पण तिथे सहसा फी आपलीच.

म्हणजे पहिलं काम तिकडच्या वेबसाइटवर फॉर्म शोधणं नाहीच. आपल्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन पार्टनर युनिव्हर्सिटींची यादी घ्या आणि करार अख्ख्या युनिव्हर्सिटीचा आहे की एकाच डिपार्टमेंटचा ते विचारा. यादीत नाव दिसलं म्हणून लोक खूश होतात आणि नंतर कळतं की ती सीट फक्त आर्किटेक्चरवाल्यांची होती.

कोण जाऊ शकतं

पहिल्या वर्षाला सहसा कुणी पाठवत नाही. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लसमध्ये (मूळ इरॅस्मस स्कीम १९८७ पासूनची) डिग्रीच्या दुसऱ्या वर्षापासून शिकायला जाता येतं, एरवीचा मुक्काम कमीत कमी २ महिने आणि जास्तीत जास्त १२ महिने, आणि बॅचलर, मास्टर्स, पीएचडी अशा प्रत्येक टप्प्यावर एकूण १२ महिन्यांचा कोटा. म्हणजे बॅचलरला ५ महिने जाऊन आलात तरी मास्टर्सला पुन्हा पूर्ण १२ महिने हातात असतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बाकी मार्कांचा कटऑफ, बॅकलॉग चालतो की नाही, हे ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजीत शिकवणारी युनिव्हर्सिटी सहसा बी२ लेव्हल (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरची मधल्याच्या वरची पायरी) तरी मागते, काही ठिकाणी आपल्या कॉलेजचं 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' असं पत्र चालतं, काही ठिकाणी आयईएल्टीएस किंवा टोफेलच लागतं. या दोन्हींचे स्कोअर २ वर्षंच धरले जातात. मग अमुक तारखेपर्यंत व्हॅलिड असलं म्हणजे झालं असं समजू नका, ती तारीख अर्जाच्या दिवशी बघतात की सेमिस्टर सुरू होताना, हे मेल करून विचारून घ्या.

आणि शेवटच्या सेमिस्टरला जाणं शक्यतो टाळा. नियमात बसतं बऱ्याच ठिकाणी, पण तिकडची ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, आणि ती येईपर्यंत तुमचा फायनल रिझल्ट, डिग्री, पुढची ॲडमिशन, नोकरीचं जॉइनिंग सगळं लटकून राहतं.

अर्ज दोनदा करायचा असतो

हो, दोनदा. आधी आपल्या कॉलेजमध्ये इंटर्नल अर्ज: मार्कशीट, कुठे जायचं त्याच्या तीन-चार पसंती क्रमाने, मोटिव्हेशन लेटर, एखाद्या प्रोफेसरचं शिफारसपत्र, कधी छोटा इंटरव्ह्यू. त्यात निवड झाली की कॉलेज तुमचं नाव होस्ट, म्हणजे तिकडच्या युनिव्हर्सिटीला कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. नॉमिनेशन झालं म्हणजे ॲडमिशन झाली असं समजून पार्टी देऊन मोकळे होणारे मी पाहिलेत. त्यानंतर होस्टकडून मेल येतो, लिंक येते, आणि दुसरा अर्ज तिथे भरायचा असतो, त्याची डेडलाइन वेगळी आणि ती उलटली तर नॉमिनेशनचा काही उपयोग नाही. तो मेल स्पॅममध्ये जातो हेही सांगून ठेवते.

वेळेचं गणित असं की उत्तर गोलार्धात ऑटम सेमिस्टर ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान सुरू होतं, त्याची नॉमिनेशन्स साधारण मार्च ते मे, होस्टचा फॉर्म एप्रिल ते जून, म्हणजे आपल्या कॉलेजची इंटर्नल निवड त्याच्याही आधी. ऑस्ट्रेलियात सेमिस्टर फेब्रुवारी-मार्च आणि जुलैमध्ये सुरू होतात, जपानमध्ये एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. निघायच्या एक वर्ष आधी हालचाल सुरू केली तर सगळं निवांत होतं, सहा महिने आधी जागे झालात तर बहुतेक वेळा उरलेल्या सीटवर समाधान मानावं लागतं.

मोटिव्हेशन लेटरवर जास्त लिहीत नाही, एवढंच की 'मला नवी संस्कृती अनुभवायची आहे' हे प्रत्येकाने लिहिलेलं असतं. तिकडचे कोणते दोन विषय आपल्याकडे शिकवतच नाहीत ते नावानिशी लिहा, वाचणाऱ्याला कळतं की पोराने कोर्स कॅटलॉग उघडून तरी पाहिलाय.

लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे खरा कागद

इरॅस्मसमध्ये याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात, इतर ठिकाणी स्टडी प्लॅन, कोर्स अप्रूव्हल फॉर्म वगैरे. एका बाजूला तिकडे कोणते विषय घेणार, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बदल्यात घरचे कोणते विषय किंवा किती क्रेडिट धरले जाणार, आणि खाली तीन सह्या: तुमची, होम युनिव्हर्सिटीची, होस्ट युनिव्हर्सिटीची. तिन्ही सह्या निघण्याआधी झाल्या पाहिजेत.

क्रेडिटचं गणित युरोपात सोपं आहे. एका वर्षाचे ६० ईसीटीएस (युरोपातले सामायिक क्रेडिट), म्हणजे सेमिस्टरचे ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं धरून २५ ते ३० तास. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० क्रेडिट असतात, म्हणून तिकडचे २० म्हणजे युरोपातले १०. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट घेतात आणि बॅचलरला पूर्णवेळ विद्यार्थी म्हणायला सहसा १२ तरी लागतात. म्हणून नुसता आकडा बघून 'इथे फक्त १५च मिळतायत' असं घाबरू नका, तो पूर्ण सेमिस्टरचाच लोड आहे.

आता माझं रडगाणं. मी सहा क्रेडिटचे पाच विषय निवडले, तीन सह्या झाल्या, फाइल एकदम टापटीप. तिकडे गेले तर एक विषय त्या सेमिस्टरला शिकवतच नव्हते, कॅटलॉग गेल्या वर्षीचा होता. मी त्याच आठवड्यात दुसरा विषय घेतला, तिकडच्या कोऑर्डिनेटरने बदलाच्या फॉर्मवर सही केली, मी स्कॅन करून घरच्या ऑफिसला मेल टाकला आणि विसरून गेले. उत्तर आलं नाही, मीही विचारलं नाही, नवीन शहर, नवीन मित्र, कोण मेलच्या मागे लागतंय. परत आल्यावर क्लार्कने दोन कागद शेजारी ठेवले, ट्रान्सक्रिप्टवर एक नाव आणि ॲग्रीमेंटवर दुसरंच, आणि बदलाच्या फॉर्मवर होम युनिव्हर्सिटीची चौकट कोरी. पास झाले होते, ग्रेडही चांगली होती, पण त्यांच्या लेखी तो विषय मंजूरच नव्हता. सहा क्रेडिट गेले, पुढच्या सेमिस्टरला जादा विषय घेऊन भरून काढले.

त्यामुळे विषय बदलले की नवीन फॉर्मवर पुन्हा तिन्ही सह्या, तेही पहिल्या काही आठवड्यांतच. बदल होणार हे गृहीत धरा, कारण दोन विषयांचं टाइमटेबल एकमेकांवर येतं, सीट भरतात, विषय रद्द होतात. निघतानाच दोन-तीन पर्यायी विषय प्रोफेसरांना दाखवून 'हे चाललं असतं का' याचं लेखी उत्तर मेलवर घेऊन ठेवा.

कागदपत्रं

पासपोर्ट पहिला. शेंगेन देशांना (युरोपातले एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणारे देश) तो मागच्या १० वर्षांत काढलेला, तिथून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने व्हॅलिड आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. मग इंग्रजीतली ट्रान्सक्रिप्ट, सहीशिक्क्यासह, आणि आपल्याकडे ग्रेड कशा देतात त्याचा खुलासा तिच्या मागे छापलेला असेल तर उत्तम. भाषेचं सर्टिफिकेट, नॉमिनेशन लेटर, होस्टचं ॲक्सेप्टन्स लेटर, पैशांचा पुरावा, इन्शुरन्स, फोटो. फोटोचं माप प्रत्येकाचं वेगळं, शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला २ इंच बाय २ इंच, एकाच मापाचे डझनभर काढून ठेवू नका.

नावाचं स्पेलिंग मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे, आडनाव आधी की नंतर, मधलं नाव आहे की नाही, सगळं. होस्टच्या फॉर्ममध्ये एक अक्षर चुकलं की ॲक्सेप्टन्स लेटर चुकतं, त्यावरून व्हिसाचा कागद चुकतो, आणि दुरुस्ती शेवटी पहिल्या फॉर्मपासूनच करावी लागते.

काही देश जन्मदाखला किंवा मार्कशीटवर अपोस्टिल मागतात. १९६१च्या हेग कराराप्रमाणे हा एक शिक्का असला की करारातले देश कागद अस्सल मानतात, दोन्हीपैकी एक देश करारात नसेल तर दूतावासातून ॲटेस्टेशन करावं लागतं, त्याला जास्त वेळ धरा.

आता व्हिसा

युरोपात शॉर्ट स्टे शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, सेमिस्टर त्यात बसत नाही, म्हणून त्या त्या देशाचा लाँग स्टे, म्हणजे डी टाइपचा नॅशनल व्हिसा लागतो. जर्मनीला पैशांचा पुरावा म्हणून ब्लॉक्ड अकाउंट (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) चालतं, सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो असा दर आहे, जितके महिने राहणार तितक्याने गुणा, अर्ज करताना आकडा पुन्हा तपासा कारण तो वाढत जातो. फ्रान्सला पोचल्यावर व्हिसा ३ महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, ते विसरलात तर कायदेशीर मुक्कामच धोक्यात.

अमेरिकेला एक्स्चेंजवाल्यांसाठी साधारणपणे जे-१ व्हिसा. होस्ट युनिव्हर्सिटी डीएस-२०१९ नावाचा एक्स्चेंजच्या पात्रतेचा फॉर्म पाठवते, मग सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फी भरायची, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि इंटरव्ह्यू. प्रोग्रॅम सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी आत सोडत नाहीत, आणि संपल्यावर फिरायला ३० दिवस मिळतात. इन्शुरन्सचे आकडे नियमातच दिलेत: दर आजार किंवा अपघातामागे १,००,००० डॉलर, मायदेशी वैद्यकीय स्थलांतरासाठी ५०,०००, आणि डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेममागे आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, ५०० च्या वर नको. आपली स्वस्तातली ट्रॅव्हल पॉलिसी यात बसते का ते आधी बघा. आणखी एक, सरकारी पैशावर गेलात किंवा तुमचं क्षेत्र अमेरिकेने तुमच्या देशासाठी काढलेल्या स्किल लिस्टमध्ये असेल तर परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागू शकते, तशी नोंद व्हिसावर असते, वाचून घ्या.

जपानला होस्टच तुमच्यासाठी तिकडच्या इमिग्रेशनकडून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (पात्रतेचा दाखला) काढते, ते हातात आल्यावर व्हिसाचा अर्ज. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत ६ महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर म्हणून करता येतो, पण मग नोकरी अजिबात नाही.

पोचल्यावर आणि निघताना

जर्मनीत नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, जपानमध्ये १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याशिवाय बँक खातं वगैरे पुढची कामं हलत नाहीत. इरॅस्मसवाल्यांनी पोचल्याच्या दाखल्यावर पहिल्याच आठवड्यात सही घ्या, ग्रँटचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा, हप्ता अनेकदा त्यावरच सुटतो.

निघतानाचा दाखला मात्र घाईत घेऊ नका. अनेकदा सहीची तारीख हीच तुमच्या मुक्कामाची शेवटची तारीख धरतात, सेमिस्टर संपायच्या दहा दिवस आधीची तारीख पडली तर तेवढ्या दिवसांची ग्रँट परत मागू शकतात. आणि ऑफिस सुट्टीवर कधी जातंय ते आधीच विचारा, नाहीतर विमान पकडायच्या दिवशी बंद दारासमोर उभं राहावं लागतं.

लायब्ररीचं पुस्तक, रूमची किल्ली, काही बाकी ठेवू नका, ट्रान्सक्रिप्ट अडवतात. ती इरॅस्मसमध्ये रिझल्ट लागल्यापासून साधारण ५ आठवड्यांत यायला हवी, नाही आली तर आठवण करा. आणि निघायच्या आधी तिकडच्या लॉगइनमधून प्रत्येक विषयाचा सिलॅबस पीडीएफ करून घ्या, विषयाचं नाव, कोड, तास, शिकवलेले टॉपिक सगळं दिसेल असा. तिकडचा ईमेल आणि लॉगइन काही आठवड्यांत बंद होतं, आणि घरचं ऑफिस सिलॅबस मागतं ते नेमकं त्याच्यानंतर.