भुयारातून वर आल्यावर दिशा कुठे जाते?

गेली चाळीस वर्षे मंडई परिसरात राहणाऱ्या माणसाला मंडईतच उभे राहून शनिपार कोणत्या हाताला, असा प्रश्न पडावा हे सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही. परंतु २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली आणि मंडई स्थानकातून मी पहिल्यांदा वर आले, तेव्हा माझी नेमकी हीच गत झाली. अर्थात क्षणभरच. मान वळवताच महात्मा फुले मंडईचा मनोरा दिसला आणि डोक्यातले सारे पुणे गर्रकन फिरून आपल्या जागी बसले.

टोकियोतला पहिला दिवस मात्र असा क्षणात सावरला नाही. शिंजुकू हे जगातले सर्वाधिक वर्दळीचे रेल्वे स्थानक म्हणून गिनीजच्या नोंदीत आहे आणि त्याला दोनशेहून अधिक दारे आहेत. माझे हॉटेल स्थानकाच्या पश्चिमेला होते. दोन सरकते जिने, एक लांबलचक बोगदा आणि न मोजलेली वळणे पार करून मी पूर्वेच्या बाजूला बाहेर पडले आणि ती पश्चिमच आहे अशा खात्रीने, हातातली बॅग ओढत, वीस मिनिटे चालत राहिले.

ही खात्री कोठून येते, याचे उत्तर मेंदूतल्या दिशापेशींमध्ये सापडते. १९८० च्या दशकात उंदरांच्या मेंदूत आढळलेल्या या पेशींपैकी प्रत्येकीची एक ठरलेली दिशा असते. प्राणी कोठेही असो, डोके त्या दिशेला वळले की ती पेशी वेगाने संदेश सोडू लागते. होकायंत्राशी तिचे साम्य इथेच संपते, कारण तिला चुंबकीय उत्तरेशी काही देणेघेणे नसते. आंतरकर्णातून येणाऱ्या ‘आपण किती वळलो’ या माहितीवर तिचा हिशेब चालतो, आणि त्यात साचत जाणारी चूक डोळ्यांना दिसणारी ठळक खूण वेळोवेळी दुरुस्त करते. जमिनीखाली अशी खूणच नसते. त्यातून दिशापेशी सरकतात तेव्हा सगळ्या मिळून सारख्याच अंशाने सरकतात, त्यामुळे डोक्यातला नकाशा फाटत नाही, अख्खाच्या अख्खा फिरतो. आणि फिरलेला नकाशाही आतून तितकाच सुसंगत असल्याने माणूस ठामपणे चुकतो.

नकाशा हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात स्थानपेशी सापडल्या. उंदीर एका विशिष्ट जागी आला की त्यांतली एक पेशी जागी होते, दुसऱ्या जागी दुसरी. पुढे २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्याच भागात जालपेशी दाखवून दिल्या. उंदीर मोकळ्या जागेत हिंडत असताना अशी एकच पेशी ज्या ज्या ठिकाणी जागी होते ती ठिकाणे कागदावर मांडली, तर एका ओळीतले ठिपके पुढच्या ओळीत अर्ध्या अंतराने सरकवून काढलेली ठिपक्यांची रांगोळीच समोर येते. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नव्या जागेत शिरल्यावर स्थानपेशींची नवी मांडणी काही मिनिटांत आकार घेऊ लागते. ती पक्की व्हायला मात्र त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते.

टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. आधी विभाग, मग त्यातला गट, मग इमारतीचा क्रमांक असा पत्ता उतरत येतो, आणि क्रमांक रस्त्याच्या ओळीने न जाता गटाला धरून दिलेले असतात. लंडनहून आलेला माणूस याने हैराण होईल. सदाशिव पेठेतला घर क्रमांक शोधत बोळांतून फिरलेल्या पुणेकराला ही पद्धत फारशी परकी वाटू नये. आपणही अखेर क्रमांक सोडून ‘विश्रामबागवाड्यासमोर’ असेच सांगतो. मला टोकियोतला विश्रामबागवाडा संध्याकाळी सापडला: महानगर शासनाच्या इमारतीचे २४३ मीटर उंचीचे जुळे मनोरे, स्थानकाच्या पश्चिमेला. ते दिसताच पोटात हलके ढवळल्यासारखे झाले आणि दिवसभर उलटे धरलेले शहर सुलटे झाले.

त्या रात्री दमूनही झोप लागेना. भारत आणि जपान यांच्या वेळांत साडेतीन तासांचे अंतर आहे, पण सारा दोष त्याला देता येत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही. उजव्या कानाशी झालेला वेगळा आवाज तो चटकन टिपतो आणि माणूस जागा होतो. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक मावळला. माझ्या खोलीलगतच्या लिफ्टची टिणटिण पहिल्या रात्री मी सहा वेळा ऐकली. दुसऱ्या रात्रीही ती वाजली असणारच.