सराफ्यातलं सकाळी चालून जिरतं का?

इंदूरकरांचा एक पक्का हिशेब आहे: रात्री सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद), जिलबी हाणायची आणि सकाळी नेहरू पार्कात चार फेऱ्या मारल्या की फिट्टंफाट. हा हिशेब चुकतो, आणि थोडाथोडका नाही.

७० किलोचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ३५ तर घरी पेपर वाचत बसूनही गेल्याच असत्या. उरल्या ८५. आता १०० ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे पोह्यांवर भुरभुरलेली १५ ग्रॅम शेवच तो अर्धा तास खाऊन टाकते. खालचे पोहे आणि बाजूची जिलबी अजून मोजलेलीच नाही. (आणि इंदुरात १५ ग्रॅमवर थांबतो कोण?) घामाचं म्हणाल तर ते नुसतं पाणी. तांब्याभर प्यायलात की वजनाचा काटा पुन्हा जागेवर.

शिवाय व्यायामानंतर भूक वाढू शकते, आणि ‘आज चाललोय’ म्हणून एक पोळी जास्त जाते.

तरी चालणं सोडू नका. हृदय, रक्तातली साखर यांना त्याचा फायदा होतोच, उतरलेलं वजन टिकवायलाही मदत होते. वजन कमी करताना स्नायू झिजू नयेत म्हणून थोडे जोर-बैठका, वजनं उचलणंही हवं. पण वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. सराफ्यात जायचंच असेल तर रात्रीच्या जेवणाऐवजी जा, जेवून वर नको.